मामांचे डोळे आणि माझी हुशारी

४ जानेवारी, रविवार

झालं एकदाचं. मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, जुना कॉम्प्युटर पळायला लागला! सकाळी डबा उघडला तर आत निम्मा कापूस. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना चादरीचे कारखाने, दुसरं काय निघणार. झाडला, पंखा धुतला, नवी पेस्ट लावली, हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली. शफीकच्या जुन्या सामानाच्या दुकानातून आणलेली रॅम जुनीच्या शेजारी बसवली. कंपन्या वेगळ्या, पण बसली. मग खरी मजा. बायोसमध्ये शिरून प्रोसेसर आणि रॅम दोन्हींचा वेग ठरवून दिलेल्याच्या वर नेला. ओव्हरक्लॉक. कॉलेजच्या लॅबमध्ये असलं काही केलं तर सर उभं जाळतील. घरचं मशीन, कोण विचारतंय.

मामा कारखान्यांना चादरीची नक्षी करून देतात. पूर्वी त्यांची एक फाईल उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. आज टिचकी मारली की समोर. मामा बघतच राहिले. मग आत माझ्या बायकोला हाक, "पद्मा, बघ गं! जावईबापूंनी म्हाताऱ्या बैलाला शर्यतीत पळवलं की!"

त्यांना नवीन मशीन घ्यायचं होतं. मीच म्हटलं होतं, नको, मी करतो.

लग्नाला इतकी वर्षं झाली. दुधनीचा, जातीबाहेरचा, तेलुगूत चार वाक्यं न येणारा जावई. घरात घेतलं, वरची खोली दिली, कधी वाईट बोलले नाहीत. पण कौतुक म्हणून... आज पहिल्यांदा. जेवताना दोन भाकरी जास्त गेल्या.

७ जानेवारी, बुधवार

शफीकला वाढवलेल्या वेगाच्या आकड्यांचा फोटो पाठवला. लगेच फोन. "वो सब ठीक है, मेमरी टेस्ट चलाया क्या? दो अलग रॅम है, ऊपर से इत्ता खींचा. रातभर छोड दे, नक्को बोले तो पछताएंगा."

रॅम कुठं चुकते का बघणारी ही टेस्ट लावली की मशीन तेवढा वेळ अडकतं. मामांचं काम चालू, नव्या चादरीची नक्षी भरायची आहे. शिवाय तापमान बघितलं मी, एकदम गार. सोलापुरात मशीन मरतं ते उन्हानं, आणि हा तर जानेवारी. कशाला टेस्ट.

मामा कोपऱ्यावरच्या चहावाल्याला सांगत होते म्हणे, "माझा जावई इंजिनियर आहे." मी लॅब असिस्टंट आहे. दुरुस्त नाही केलं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. बाजरीची भाकरी, भोगीची उरलेली भाजी. पद्मा गड्ड्याच्या जत्रेला जाऊ म्हणत होती, मामा उठेनात. कारखानदार बालाजी मालकांची मोठी ऑर्डर, चादरीच्या मध्ये कमळाचा चौक, काठाला वेल. मामा अजून आधी कागदावरच भरतात. चौकटीचा कागद, एकेक घर रंगीत पेन्सिलीनं. एक घर म्हणजे कापडात एक टाका. मग तेच पडद्यावर. संध्याकाळी पुरं झालं. पेनड्राइव्ह कारखान्यात, तिथून मागाच्या जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रावर.

मालक मामांच्या नक्षीचा नमुना काढत नाहीत. थेट मागावर चढवतात. गल्लीत ही एकाच माणसाची पत.

१७ जानेवारी, शनिवार

गडबड झाली. चादर निघाली आणि कमळाच्या पाकळीत पांढऱ्या जागी लाल टिपके. वेलीत एक ओळ सरकलेली. विणकराला वाटलं नक्षीच अशी असेल, त्यानं माग थांबवला नाही. मालक स्वतः घरी आले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं. "मामा, तुमच्याकडनं असं?" एवढंच.

मामांनी फाईल उघडली. टिपके होते तिथंच. "मी कसं बघितलं नाही ओ हे?" एकेक पुसून पुन्हा दिली.

१९ जानेवारी, सोमवार

पुन्हा. जुने टिपके गेले, नवे आले. दुसऱ्याच जागी.

मामा चादर खिडकीशी धरून उभे. "काल हे नव्हतं. उंदीर येऊन भरतात काय रात्री?" पद्मा हसली. मीही हसलो. पुसलेले टिपके परत तिथंच आले असते तर माणसाची चूक. दर वेळी नव्या जागी...

नसेल तसं. पेनड्राइव्ह खराब असेल.

२० जानेवारी, मंगळवार

नवा पेनड्राइव्ह आणून दिला. मामा म्हणाले, "किती करता ओ माझ्यासाठी."

२२ जानेवारी, गुरुवार

मामांनी आज वाचायला बसवलं पद्माला. जुनी रीत आहे ही. कॉम्प्युटर नव्हते तेव्हा सासूबाई कागदावरून वाचायच्या आणि मामा मागावर लावायच्या पुठ्ठ्याच्या पट्टीला भोकं पाडायचे. सासूबाई गेल्यावर कुणी वाचलं नव्हतं. आज पद्मा कागद घेऊन, मामा पडद्यासमोर. "नालुगु एर्र, ओकटी तेल्ल." चार लाल, एक पांढरा. दुपारभर. पद्माचा घसा बसला.

सगळं जुळलं. मामांनी सेव्ह केलं, पुन्हा उघडून दाखवलं मला. काठाजवळ एक टिपका. आत्ता नव्हता. मी बघितला. मामांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, मी म्हटलं, "कुठं काय, छान झालंय."

का म्हटलं? का?

२५ जानेवारी, रविवार

मामा कटिंगला गेले तेवढ्यात टेस्ट लावली. पूर्ण चालायची गरजच पडली नाही. पडदा लाल ओळींनी भरला. रॅम चुकतेय. मशीन बंद पडत नाही, गरम होत नाही, गुपचूप एखादा आकडा बदलतं. सेव्ह करताना लालचं पांढरं, पांढऱ्याचं लाल. उंदीर मीच.

हात दाखवून अवलक्षण. कुणी सांगितलं होतं?

वेग मुळात होता तसा करून ठेवला. शफीकची रॅमही काढली. कमळाची फाईल कागदावरून ताडून साफ केली. मामा आले, डोक्याला तेल, ताजेतवाने. "काय करताय?" "धूळ झाडत होतो." खोटं इतकं सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं.

उद्या सांगतो. सुट्टी आहे, निवांत सांगतो.

२६ जानेवारी, सोमवार

जिलेबी आणली. मामांनी एकच घेतली. म्हणाले, "उद्या डोळ्याच्या डॉक्टरकडं नेता काय मला?" पद्मा म्हणाली, "नेतील की, त्यांना अर्धी रजा आहे." मी तोंड उघडलं, तर तोंडात जिलेबी. गिळेपर्यंत विषय पुढं गेला. असली कारणं लिहितोय मी!

२७ जानेवारी, मंगळवार

डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूची अगदी सुरुवात आहे, वयानं होतं, आत्ता काही करायला नको, कामाला अडचण नाही. मामांनी पुढचं ऐकलंच नाही. मोतीबिंदू एवढाच शब्द धरला.

आणि मला बरं वाटलं. इथं लिहितो, दुसरीकडं कुठं लिहिणार. डॉक्टरनं तो शब्द उच्चारला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यात दोष निघाला म्हणून मी सुटलो! लाज वाटायला पाहिजे. वाटतेय. पण सांगितलं नाही.

येताना गाडीवर मागून म्हणाले, "तुम्ही आहात म्हणून आधार आहे." भर रस्त्यात मला दिसेना नीट.

३१ जानेवारी, शनिवार

चादर साफ निघाली. एक टिपका नाही. मालकांचा फोन, खूश. मामा पद्माला म्हणाले, "तू वाचलंस म्हणून झालं. माझ्या एकट्याच्यानं आता होत नाही."

म्हणजे मी गुपचूप दुरुस्त केलं तरी वाटोळंच. बरोबर झालं ते पद्मामुळं, चुकलं ते डोळ्यांमुळं. मी कुठंच नाही. चोराला याहून काय पाहिजे.

२ फेब्रुवारी, सोमवार

मामा मालकांना सांगून आले. आता नक्षी करणार नाही. डोळे गेले. मालकांनी फार आग्रह केला नाही म्हणे. दुसऱ्या एका पोराला काम दिलं.

पद्मा स्वयंपाकघरात रडत होती. मी पाठीवर हात ठेवला. तिनं तो धरून ठेवला. मला तो ओढून घ्यावासा वाटत होता.

४ फेब्रुवारी, बुधवार

मामा दिवसभर ओट्यावर. चहावाला म्हणतो, तिथंही जात नाहीत.

संध्याकाळी मला बोलावलं. चौकटीचे कागद सगळे काढून ठेवलेले. "जावईबापू, तुम्ही शिका हे. तुमचा हात मशीनवर बसलाय. मुलगा असता तर त्याला दिलं असतं. तुम्ही मुलापेक्षा कमी काय ओ?" पान कसं वळवायचं, रंग कुठं तोडायचा, दाखवायला लागले. चष्म्याशिवाय. एक घर चुकलं नाही त्यांचं. मी समोर बसून हो हो करत होतो.

जेवलो नाही. पद्मा म्हणाली, बरं नाही का. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

८ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं.

सकाळी, पोह्यांवर. तयारी केलेलं सगळं विसरलो. "मामा, तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. चुका मशीन करत होतं. मी त्याचा वेग वाढवला होता, त्यानं रॅम चुकत होती. सेव्ह करताना टिपके पडत होते."

त्यांना सगळं समजलं नाही. जेवढं पाहिजे तेवढं समजलं. "म्हणजे मी बरोबर भरत होतो?"

"हो."

"दर वेळी?"

"दर वेळी, मामा."

हसले. पोरासारखे हसले. पद्माकडं बघून तेलुगूत काहीतरी म्हणाले, तीही हसली डोळे पुसत. मला वाटलं, एवढंच होतं? यासाठी मी इतके दिवस मेलो?

मग मामा म्हणाले, "मग ते दुरुस्त होईल काय ओ?"

"केलंय मामा."

"कधी?"

हा प्रश्न मी धरलाच नव्हता. खोटं बोलता आलं असतं. कालच, म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं. नाही बोललो. "डॉक्टरकडं गेलो त्याच्या आधी."

मामांनी ताटली खाली ठेवली. पद्मा उठून आत गेली. मामा एवढंच म्हणाले, "गाडीवर मागं बसून मी तुम्हाला काय म्हटलं होतं."

विचारलं नाही. म्हटलं नुसतं.

९ फेब्रुवारी, सोमवार

पद्मा बोलत नाही. डबा मात्र भरून ठेवला होता. लॅबमध्ये उघडवेना.

संध्याकाळी मामा वर आले, पायऱ्या चढून. बसा म्हटलं, बसले नाहीत. "डोळे गेले हे मालकाला मी सांगितलं. गेले नाहीत हे तुम्ही सांगायचं. कारखान्यात, सगळ्यांसमोर."

मी म्हटलं, सांगतो. उद्याच.

"ते काय म्हणतील माहीत आहे? जावई सासऱ्याची लाज राखतोय म्हणतील. नुसतं सांगून कोण ऐकणार. मशीन चुकतंय हे दाखवायला पाहिजे." मग म्हणाले, "परत बिघडवता येतं काय?"

येतं. रॅम ड्रॉवरमध्येच आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

रजा टाकली. सकाळी रॅम बसवली, वेग पुन्हा तेवढाच वाढवला. मामा शेजारी उभे, एकेक आकडा विचारत. "तेव्हा एवढाच होता? नक्की?" नक्की.

नवा चौक घेऊन पाहिला. सेव्ह केला, उघडला. साफ. पुन्हा सेव्ह. साफ. तिसऱ्यांदाही साफ. तीन आठवडे चुकत राहिलेलं हे मशीन, आज म्हणून सरळ! असंच असतं या चुकीचं, कधी दिसते, कधी नाही. हे मामांना सांगायला गेलो तर तेही बनवल्यासारखं वाटलं.

मामा म्हणाले, "कारखान्यात चुकेल." खात्रीनं म्हणाले की मला धीर द्यायला, कळलं नाही. आज तिथं ते चुकलं नाही तर मालकांपुढं मी खोटा ठरेन, ते माझं मी बघीन. पण मामा कायमचे आंधळे ठरतील. सिद्धेश्वरा, एक टिपका पडू दे. एकच.

रिक्षा आली. पद्मा कागदांची गुंडाळी घेऊन आधीच बसलीय, तिथं सगळ्यांसमोर तीच वाचणार आणि मामा भरणार. मी कॉम्प्युटरचा डबा उचलायला गेलो तर मामांनी हात लावू दिला नाही. स्वतः मांडीवर घेऊन बसलेत. मला पुढं, ड्रायव्हरशेजारी बसायला सांगितलंय.