शेंदेलोण

बाबा, तुमच्याशी भांडायचंय म्हणून लिहायला बसले आहे. बसले म्हणजे काय, एका जागी बूड टेकत नाहीये. समोरच्या वॉर्डात एका पेशंटला औषधाची पहिली बाटली लावली आहे आणि चार ओळी लिहून झाल्या की मी उठून त्यांचं ब्लड प्रेशर बघून येते. सिस्टरनं मघाशीच सुनावलं, "मैडमजी, मैं हूँ ना, आप बैठिए." जयपूरला येऊन इतकी वर्षं झाली, निम्मे केस पांढरे झाले, तरी अंगातली ही धडपड काही गेली नाही. चहा केव्हाचा गार झालाय.

तुम्ही गेलात तेव्हा मी अकरावीत होते, त्यामुळे पुढचं तुम्हाला ठाऊकच नाही. मी डॉक्टर झाले, आणि तीही यकृताची. आई म्हणते, "हिनं बापाच्या दुखण्याशी वैर धरलं." असेलही. सिरोसिसनं निबर होऊन आकसलेल्या यकृतात पुढे कॅन्सरची गाठ धरली, तर इम्युनोथेरपी देता येते का, कुणाला झेपते, कुणाला नाही, यावर आमच्या विभागात संशोधन चाललं आहे. हे औषध गाठीला थेट मारत नाही. आपल्याच शरीरातल्या ज्या पेशी गाठीकडे काणाडोळा करत असतात, त्यांना ते कामाला लावतं. परीक्षेत कॉपी चालली असताना खिडकीबाहेर बघत बसलेल्या पर्यवेक्षकाला हलवून जागं करावं, तसं. पण जागा झालेला पर्यवेक्षक कधी कधी निरपराध पोरांनाही झोडपतो, आणि आधीच खंगलेल्या यकृताला तो मार सोसत नाही. म्हणून आमचे नियम कडक आहेत. पोटातलं पाणी आटोक्यात हवं, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा दुर्बिणीतून पाहून बांधलेल्या हव्यात, माणूस भ्रमात जात नसावा. यातलं एक जरी चुकलं तरी अभ्यासात घेता येत नाही.

आज ज्यांना बाटली लावली आहे त्यांना सगळे बाऊजी म्हणतात. इथून जवळच्याच सांगानेरचे. हातकागद बनवण्यात जन्म गेला. दारूला कधी शिवले नाहीत, पण लिव्हर म्हटलं की लोक ठरवूनच टाकतात. तुमच्याबद्दल नाही का म्हणायचे, "मास्तर चोरून घेत असणार"? तुम्ही हसण्यावारी न्यायचात, आई मात्र आतून जळायची. तुमची ती जुनी कावीळ आत दबा धरून बसली होती हे आता मला कळतं. तेव्हा आपल्या तालुक्याच्या गावी ते कोण सांगणार? तुमच्याही यकृतात गाठ होती का, हे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

तर या बाऊजींचं पोटातलं पाणी काही केल्या हटेना. मीठ तर आधीच बंद केलं होतं. लघवीच्या गोळ्या वाढवल्या, तर किडनी कुरकुरायला लागली. सुईनं पाणी काढलं की आठवड्यात पुन्हा पोट टम्म. आमचा ज्युनिअर म्हणाला, "मॅडम, यांचं पाणी आता औषधाला दाद देत नाही, सोडून देऊ." मलाही ते पटत आलं होतं. त्यांचं नाव मी वगळणारच होते. त्या दिवशी व्हरांड्यातून जाताना त्यांची बायको बाकावर डबा उघडून बसलेली दिसली. मला पाहून उठायला लागली, मी बसवलं, तर लागली आग्रह करायला. "चखो तो सही डॉक्टरनीजी, बिल्कुल फीका बनाती हूँ इनके लिए." मूगडाळ होती. मी बोट बुडवून चाटलं आणि चाटतच राहिले, इतकी चविष्ट होती.

"माजी, इसमें तो नमक है."

"नमक कहाँ! आपने जिस दिन मना किया, उस दिन से छुआ नहीं. यह तो सेंधा है, व्रत वाला."

मला आधी हसू आलं आणि लगेच तिडीक आली. इतके दिवस आम्ही रक्ताच्या तपासण्या करकरून डोकं फोडत होतो, आणि इथे उपवासाचं मीठ म्हणजे मीठच नव्हे असं समजून ही बाई रोज दोन वेळा घालत होती. मी म्हणाले, "सेंधा भी नमक ही होता है. इनके पेट में पानी आप ही भर रही थीं." हे बोलायला नको होतं. तिनं डब्यावर झाकण ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं. "मतलब, मैंने किया?" एवढंच विचारलं. आत खाटेवरून बाऊजींनी ऐकलं असावं. ते ओरडले, "अरी, तू तो खिला रही थी! खाता तो मैं था." ती काही उठली नाही.

सेंधा बंद झालं, आहारवालीनं लिंबू-जिरं-पुदिन्यावर भागवायला शिकवलं, आणि काही आठवड्यांत पाणी उतरलं. बाऊजी अभ्यासात आले. औषध लागू पडेल की नाही ते मला माहीत नाही, या वॉर्डात कुणालाच माहीत नाही. आता बघून आले, ब्लड प्रेशर ठीक आहे, आणि ते सिस्टरला कागदाचा लगदा कसा चाळायचा ते समजावून सांगताहेत.

पण त्या डब्याच्या दिवशी जगतपुऱ्याला घरी जाताना रिक्षात मला एकदम आपलं स्वयंपाकघर आठवलं. आई खलबत्त्यात शेंदेलोण, म्हणजे हेच सेंधा, कुटते आहे. डॉक्टरनं मीठ तोडलंय आणि तुम्ही पहिले चार दिवस ताट नुसतं पुढे सरकवता आहात, "माझ्यानं जात नाही" म्हणता आहात. मग शेजारच्या काकू येऊन सांगतात, शेंदेलोण चालतं, देवालासुद्धा चालतं. आई आमटीत चिमूट टाकते, दाराआडून बघते. तुम्ही पहिला घास घेता, क्षणभर थांबता, आणि मग सगळी वाटी संपवता. "आज जमलंय," म्हणता. आईच्या चेहऱ्यावर किती महिन्यांनी तेज आलेलं मी पाहते. गावानं तिच्या नवऱ्याला दारुडा ठरवलं होतं, आणि ती तिच्या चुलीवर त्याला बरा करून दाखवणार होती.

तुम्ही क्षणभर थांबलात, बाबा. त्याबद्दलच माझं भांडण आहे.

कारण त्याच्या आदल्याच वर्षी मी तुमच्या वर्गात होते. तुम्ही टेबलावर गुलाबीसर खडा ठेवून विचारलंत, हे काय? मी सगळ्यांच्या आधी ओरडले, "उपवासाचं मीठ!" तुम्ही मला सगळ्या वर्गादेखत उभं केलंत. "उपवासाचं वेगळं मीठ नसतं. सोडियम आणि क्लोरीन, बस. देवाला फसवता येईल, रसायनशास्त्राला नाही." मला इतकी लाज वाटली होती की मी डबा न खाता घरी आणला होता. आणि वर्षभरानं तुम्ही तेच सोडियम रोज भातावर ओतून घेत होता, पाय सुजत होते, धोतर पोटावर बसेनासं झालं होतं, आणि तुम्ही "जमलंय" म्हणत होता! शेवटी भ्रमात आईलाच वर्गातली मुलगी समजून हजेरी घ्यायचात, तेव्हासुद्धा हे मीठच आहे, एवढं तोंडातून निघालं नाही.

का बोलला नाहीत? तिला वाईट वाटेल म्हणून? की खरोखर अळणी घास उतरत नव्हता म्हणून? डॉक्टर म्हणून विचार करते तेव्हा आणखीच घोटाळा होतो. अशा आजारात माणूस जेवलाच नाही तर अंगावरचं मांस झडून लवकर जातो. त्या शेंदेलोणानं तुमच्या पोटात पाणी भरलं हे खरं, पण त्याच्यामुळेच तुम्ही जेवलात, हेही खरं. तिनं तुमचे दिवस वाढवले की घटवले, याचा हिशेब मला लागत नाही. शिकलेली सगळी विद्या वापरूनही आज लागत नाही.

आणि परवा ते माझ्यावरच उलटलं. आई बाल्कनीत मेथी निवडत होती. मी ज्युनिअरला फोनवर बाऊजींची हकीकत सांगत होते, आपल्याच नादात, मोठमोठ्यानं. फोन ठेवला तर आईचे हात थांबलेले.

"म्हणजे शेंदेलोणानंही पाणी होतं?"

"होतं कधी कधी."

"मग यांना मी जे घालत होते, ते?"

मला बाकावरची ती बाई दिसली, झाकण काढणारी आणि ठेवणारी. मी म्हणाले, "तेवढ्यानं काही होत नाही गं."

"मुलगी म्हणून नको सांगूस. डॉक्टर म्हणून सांग."

"डॉक्टर म्हणूनच सांगतेय. तेव्हा औषधंच नव्हती, आई."

तिनं एक काडी उचलली. पानं खुडली. मग म्हणाली, "बरं झालं बाई. मला आपलं इतकी वर्षं वाटायचं, यांना कळत होतं आणि मला लागेल म्हणून बोलत नव्हते."

बाबा, ऐकलंत? एवढी वर्षं ती हे घेऊन माझ्याच घरात वावरत होती, पोळ्या लाटत होती, आणि मी पेशंटांच्या पोटातलं पाणी मोजत होते.

"छे! बाबांना कुठलं कळतंय," मी म्हणाले.

"रसायनशास्त्र शिकवायचे गं ते."

"पुस्तकातलं शिकवायचे. कुठल्या डब्यात काय आहे, हे त्यांना कधी तरी कळलं होतं का?"

आई हसली. अगदी खुदकन. "ते मात्र खरं. एकदा चहात साखर म्हणून रवा घातला होता." आणि तिनं पुढची जुडी ओढली.

बाऊजींची बाटली संपत आलीय, मला उठायला हवं. हे कागद घरी न्यायची सोय नाही. इथे मराठी अक्षर क्वचित दिसतं, त्यामुळे आई दिसेल ते वाचून काढते. इथेच फाडून टाकीन. तुमचे विद्यार्थी अजून सांगतात की मूलद्रव्यं शिकावीत तर मास्तरांकडून. आणि मी तुम्हाला तुमच्याच बायकोसमोर ढ ठरवून आले, बाबा. ती हसली, तेव्हा मला फार बरं वाटलं.