बाईसाहेबांचं अंडं

प्रिय ताई,

हे पत्र तुझी वहिनी गुरुवारी सकाळी तुझ्या हातात देईल. दिल्यावर तिला चहा प्यायला खाली पाठव आणि एकटीनं वाच. तिला मजकूर माहीत आहे, पण तू वाचत असताना ती समोर उभी राहिली की रडेल, आणि मग तू पत्र टाकून तिचीच समजूत काढत बसशील. तुझा स्वभाव मला माहीत नाही का!

सकाळपासून चौथ्यांदा लिहायला बसतोय. समोर तीन कवळ्या अर्धवट पडल्यात, मेण गरम होऊन पुन्हा थिजलं, आणि चौकातल्या दंतवैद्याचा दोनदा फोन येऊन गेला, की म्हातारबाबा दाताविना बसलेत, त्यांच्या नातीचं लग्न परवावर आलंय. बसू देत म्हटलं. रविवारी तुझ्या खाटेशी बसलो होतो तेव्हा हे सगळं अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात नर्स तुझा ताप बघायला आली, आणि मी सुटलो बुवा असं म्हणत पळून आलो. शंभर टक्के भित्रा आहे मी, तू लहानपणापासून म्हणतेस तेच खरं.

काल तुझ्या सर्जनचा फोन आला होता. फार सभ्य माणूस. आधी इकडचं तिकडचं बोलले, मग घसा खाकरून म्हणाले, की तुमच्या भगिनी दुसऱ्या ऑपरेशनच्या कागदावर सही करत नाहीत, बाईसाहेबांकडून निरोप आल्यावर बघू म्हणतात, तर या बाईसाहेब म्हणजे तुमच्या घरातल्या कोणी वडीलधाऱ्या आहेत का, त्यांच्याशी मला बोलता येईल का? मी काय सांगणार होतो, कपाळ! म्हटलं, डॉक्टर, त्या बोलत नाहीत फारसं. मग त्यांनी स्पष्टच सांगितलं. गाठ निम्मी काढली आहे, एका वेळी सगळी काढणं तुला झेपलं नसतं. उरलेली शुक्रवारी काढायची. शुक्रवार गेला तर ती थांबून राहणार नाही, आणि नंतर त्यांच्या हातात काही राहणार नाही. ताई, तुलाही त्यांनी हे सांगितलं आहे, आणि तू ऐकून घेऊन त्यांना विचारलंस म्हणे, की तुम्ही कधी कोंबडी पाळली आहे का.

मी हसलो नाही, शपथ. मला माहीत आहे तू थट्टा करत नव्हतीस. बाईसाहेब अंडी देतायत तोवर मला भीती नाही, थांबल्या तर मी समजून घेईन, मग मला टेबलावर नेऊ नका, हे तू मलाही तीनदा ऐकवलं आहेस. म्हणून रोज संध्याकाळी तुझा तोच प्रश्न असतो, दिलं का? आणि मी म्हणतो, दिलं. तर ऐक आता. गेल्या शुक्रवारपासून खुराड्यात अंडं नाही. शनिवारी, रविवारी, काल, सगळं खोटं सांगितलं मी. ती खुडूक बसली आहे, अंडी बंद करून उबवायच्या नादात. रिकाम्या टोपलीत पिसं फुलवून बसते, हात घातला की टोचते, खायलासुद्धा उठत नाही. खुडूक बसणं म्हणजे आजार नव्हे हे तुला मी काय सांगायचं, तूच मला शिकवलंस. पण तू नियम घालून बसलीस, आणि तुझा नियम म्हणजे दगडावरची रेघ.

जरा बाहेर जाऊन आलो. पाणी बदललं, उगाच अंगण झाडलं. वहिनी म्हणते, लिहायला बसलायत की घर आवरायला काढलंय?

खरं तर त्या लांब कानातल्यांच्या बाईवर माझा अजून राग आहे. तुझ्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कुणी तिला बोलावलं होतं देव जाणे. कर्मचाऱ्यांचं मनोबल वाढवायला म्हणे! सगळ्यांना डोळे मिटायला लावले, मनातल्या मनात जंगलात चालायला लावलं, आणि समोर येईल तो तुमच्या आत्म्याचा प्राणी असं सांगितलं. तुमचा तो हिशेबनीस, जो घरी बायकोला विचारल्याशिवाय खिडकी उघडत नाही, त्याला वाघ दिसला. टायपिस्टला गरुड. शिपायाला डॉल्फिन, त्यानं समुद्र टीव्हीवर पाहिलेला. आणि तक्रार खिडकीवरच्या तुला कोंबडी. बाई म्हणाल्या, पुन्हा नीट बघा, मोर असेल. तू म्हणालीस, नाही हो, कोंबडीच आहे, माती उकरतेय. सगळं ऑफिस हसलं. घरी येऊन तू मला ते हसत हसत सांगितलंस, पण जेवली नाहीस त्या दिवशी. मीही तेव्हा क्वॅक क्वॅक केलं होतं, आणि तू म्हणाली होतीस की गाढवा, ते बदक.

दुसऱ्याच आठवड्यात तू बाईसाहेबांना घेऊन आलीस. बाजारात टोपलीखाली बसल्या होत्या, कापायच्याच होत्या, आणि तुझ्याकडे मान वाकडी करून एका डोळ्यानं बघत होत्या. विटकरी रंगाच्या, तुरा एका बाजूला पडलेला, डाव्या पायाच्या एका बोटाला नख नाही. मी म्हटलं, ही आपल्या घरात चालायची नाही, इथं प्लास्टर आहे, ॲसिड आहे, लोकांचे दात आहेत. मग आठवडाभरात माझ्या खुर्चीखाली कोण बसायला लागलं? दुपारी मशीन बंद केली की पायावर येऊन बसायच्या आणि घशातल्या घशात कुर्रर्र करायच्या. एकदा पोर्सेलीनची दाढ गिळली तेव्हा मी काय काय बोललो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खुराडं साफ करताना ती सापडली तेव्हा तूच ती उकळून दिलीस. ज्याच्या तोंडात बसवली त्याला कधी कळलं नाही. तुझ्यामागे मी त्यांना भाकरीचा चुरा द्यायचो, हे तुला ठाऊक नसेल. धुळीत लोळून उठल्या की पिसं झटकायच्या आणि आम्ही काही केलंच नाही अशा तोऱ्यात चालू लागायच्या, ते बघायला मी हातातलं काम थांबवायचो. आठ वर्षं, ताई. माणसांशी तरी मी एवढं कुठं बोललोय!

आणि तुला कोंबडीच का दिसली, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तुला सांगितलं नाही, कारण आपल्या घरात असं बोलायची पद्धत नाही. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा, तू अकराची. बाबांची पाळी कारखान्यात, घरात आपण दोघंच. शाळेच्या वाटेवरचा तो पिवळा कुत्रा आठवतो? भिंतीवरून उडी मारून सरळ माझ्यावर आला होता. तू मला पाठीमागे ओढलंस, कोटाची बटणं तोडून कोट दोन्ही हातांनी पसरलास आणि किंचाळत त्याच्यावर धावून गेलीस. केवढी होतीस तू, काडीएवढी! कुत्रा बिचकला आणि मागे वळला. मी तुझ्या कोटाखाली थरथरत होतो आणि तूही थरथरत होतीस. नंतर परसात मांजर आलं की बाईसाहेब पंख पसरून तश्शाच धावायच्या, तेव्हा मला तूच दिसायचीस. त्या बाईला म्हणावं, वाघ स्वतःच्या पोटासाठी धावतो. जाऊ दे.

माझं शिक्षण, माझं हे दुकान, माझं लग्न, सगळं तू उभं केलंस, आणि स्वतःचं काही केलं नाहीस. आता तुझ्या सहीसाठी मी पाया पडतोय, तर तू कोंबडीकडे बोट दाखवतेस. राग येतो मला तुझा. खूप येतो. मागच्या महिन्यात वहिनीनं फोनवर उत्साहाच्या भरात सांगून टाकलं, की बाईसाहेबांनी आज अंडं दिलं. दोन वर्षं बंद झालेल्या कोंबडीनं अंडं दिलं! तू फोनवर एवढ्या जोरात हसलीस की टाके दुखले म्हणालीस. त्याच संध्याकाळी तू पहिल्यांदा खाटेवरून उतरून खिडकीपर्यंत चाललीस, जेवण मागून घेतलंस. नर्स म्हणाली, काय जादू झाली! मी इकडे फोन धरून उभा होतो, माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तू चालायला लागली होतीस ना, मग मी कसं सांगणार! तुला रोज फोटो पाठवत गेलो, पाय दिसू नये म्हणून पुढे दाण्याचं भांडं ठेवून.

आता तुझ्या लक्षात आलंच असेल. तू काही खुळी नाहीस.

तुला पहिल्या ऑपरेशनला नेलं त्या दिवशी सकाळी बाईसाहेब गेल्या. आदल्या दिवशीपासून मान टाकून होत्या, मी आत आणून मांडीवर घेऊन बसलो होतो. आठ वाजून दहा मिनिटांनी गेल्या. साडेआठला तुला आत नेल्याचा वहिनीचा फोन आला. मी तुझ्याजवळ असायला हवं होतं आणि शेवटच्या क्षणी काम निघालं म्हणून आलो नाही, असं तुला सांगितलं ते खोटं. काम हेच होतं. आणि ताई, आयुष्यभर तुझी टर उडवणारा मी, त्या सहा तासांत तुला गेलेली धरून बसलो होतो. टाकीमागे खड्डा खणताना त्यांच्यासाठी रडत होतो की तुझ्यासाठी, मलाच कळत नव्हतं. मध्ये खूप रक्त गेलं, डॉक्टरांची पाचावर धारण बसली होती, हे नंतर कळलं. आणि अडीचला फोन आला, की शुद्धीवर आल्या, आणि पहिला प्रश्न विचारला, बाईसाहेब कशा आहेत. मजेत आहेत, म्हणालो मी. हातांची माती अजून धुतली नव्हती. दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो, खिशात बाईसाहेबांचं एक पीस, दातांचे रंग जुळवायची सवयच ती, आणि पिसाला पीस लावून लावून अगदी तोच विटकरी रंग आणला. विकणारा बघत राहिला. वहिनीलाही मी तेव्हा काही सांगितलं नाही. रंग जुळवला, तुरा जुळवला, आणि तीस वर्षांच्या धंद्यात जी चूक कधी केली नाही ती केली. वय बघितलं नाही. तरणीताठी कोंबडी, आठवड्यात अंडं घालून मोकळी!

आजही, उद्याही, शुक्रवारपर्यंत ‘दिलं’ म्हणणं मला काही अवघड नव्हतं. सही झाली असती. पण तू माझ्या थापेवर टेबलावर चढावीस आणि मी बाहेर बसावं, हे मला झेपणार नाही. म्हणून लिहिलं. हिशोब साधा आहे, ताई. आज त्रेचाळीस दिवस झाले. ते सगळे दिवस, रक्त गेलं ते सहा तास धरून, तू बाईसाहेबांशिवाय काढलेस. त्या नव्हत्या आणि तू होतीस. खिडकीपर्यंत चालत गेली ती तूच, अंड्याला काय कळतंय! मला शिव्या घाल, आयुष्यात तोंड बघू नकोस, त्यांच्यासाठी पोटभर रड, मीही अजून रडतो. पण आधी वहिनीला वर बोलाव, तिच्या पर्समध्ये पेन आहे. सही कर. मी रात्रीच्या गाडीनं निघतोय, शुक्रवारी तुला आत नेतील तेव्हा दाराशी असेन. या वेळी खरोखर असेन.

तुझाच,
खोटारडा धाकटा