अरेपा उलटायच्या आत

प्रिय एलिएसेरदादा,

मागच्या पत्रातलं एक वाक्य आधी खोडून टाक. कार्ताहेनाच्या आन्सेल्मोशेठनी पैसे चारून आपली वेबसाइट शोधयंत्रात खाली ढकलली, असं मी तुला लिहिलं होतं. ते खरं नाही. आपल्या हॅमॉकची, या विणलेल्या झुल्यांची, मागणी आटली म्हणून ते आपले माग विकत घ्यायला निघालेत, एवढंच. पडलेलं फळ उचलणाऱ्यावर झाड हलवल्याचा आळ घेता येत नाही. उबाल्दिनाआत्याने मला अंक मागावर शिकवले, तुला आठवत असेल. धागा चुकला की तिथपर्यंत उसवायचं, वरून झाकायचं नाही. म्हणून हे उसवणं.

खरं कळलं ते असं. मेदेयीनहून एक बाई दुकानात आली, घामाघूम आणि वैतागलेली. हातमागाच्या हॅमॉकसाठी ती आपल्या गावी, सान हासिंतोपर्यंत आली होती आणि आपलं नाव तिला बसथांब्यावरच्या आंबेवालीने सांगितलं. मी म्हटलं, आमची वेबसाइट आहे की. तिने फोन माझ्या हातात ठेवला. मी शोधलं. यंत्रावर विणलेले, नायलॉनचे, कुठल्या कुठल्या देशांतले हॅमॉक येत राहिले. अंगठा सरकवून सरकवून दुखायला लागला तेव्हा कुठे आपण सापडलो. आणि सापडलो ते काय, तर एक फोटो आणि दुकानाचा नंबर. बाई म्हणाली, "अगं, एवढं तर भिंतीवरच्या पाटीवर पण असतं."

फोनसाठीचं ते छोटं पान तूच वेगळं केलं होतंस. आई तेव्हा तळणीसमोर मक्याच्या अरेपा तळत उभी होती, तिच्या फोनमधला रिचार्ज संपत आला होता आणि गावात रेंज तर देवाच्या भरवशावर. तू म्हणाला होतास की आपल्या माणसांचं इंटरनेट जळता कामा नये, अरेपा उलटायच्या आत पान उघडलं पाहिजे. उघडायचंही. म्हणून फोटो, नक्षींची नावं, आत्याने सांगितलेली सगळी माहिती तू कॉम्प्युटरच्या मोठ्या पानावर ठेवलीस आणि फोनवर फक्त नंबर. तेव्हा ते बरोबरच होतं. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

पण शोधयंत्रं आता वेबसाइट फोनच्याच डोळ्यांनी वाचतात. फोनच्या पानावर जे नाही ते त्यांच्या लेखी जगातच नाही, आणि त्यावरूनच कोण वर, कोण खाली ते ठरतं. वाचनालयात बसून मी हे पुन्हापुन्हा वाचलं, तरी खात्री होईना. म्हणून दुकानात परतून आत्याचं एक वाक्य, खऱ्या हॅमॉकची कड बोटांना कशी लागते ते सांगणारं, शब्दन् शब्द लिहून शोधलं. आपल्या मोठ्या पानावर ते आजही आहे. उत्तर आलं, असं काही सापडलं नाही. दादा, आत्या तेव्हा माझ्या पाठीमागे बसून विणत होती. मी पडदा बंद केला.

बाबांना सांगितलं तर त्यांनी दुकानातला कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. रोज सकाळी कॉफी घेऊन ते त्यावर आपलं नाव शोधतात आणि रोज आपणच पहिले असतो. आन्सेल्मोशेठनाही ते हेच दाखवतात. मी समजावलं की तुम्ही रोज तेच पान उघडता हे त्या कॉम्प्युटरने ओळखलंय, म्हणून तो तुम्हाला तेच आधी देतो. बाकी कुणाला नाही. बाबांनी पुन्हा एकदा आपलं नाव टाकून पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे हा डबा मला खूश करायला रोज खोटं बोलतो?" आत्याने मागावरून मान वर न करता म्हटलं, "बोलू दे रे. या घरात तुझ्याशी गोड बोलायला दुसरं आहे कोण?"

हसलो आम्ही. पण मी दुरुस्त करते म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. आन्सेल्मोशेठ सप्टेंबरअखेर सही घ्यायला येणार. मग आपल्या हॅमॉकवर त्यांच्या दुकानाचं नाव लागेल आणि आत्याचा माग त्यांच्या शेडमध्ये जाईल. शोधयंत्र नवं पान वाचून आपल्याला वर घ्यायला किती वेळ लावेल, वर घेईल की नाही, हेही कुणी सांगू शकत नाही. प्रत्येक दिवस वाया जातोय. हे सगळं ऐकूनही बाबा म्हणाले, "ते एलिएसेरने बांधलंय. कुणी हात लावायचा नाही. तो आला की तोच बघेल."

तुमच्या दोघांच्या त्या भांडणानंतर तुझं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. तू गेलास आणि त्यांनी तुझी खोली सुताच्या गाठोड्यांनी भरली, हे तुला माहीत आहे. ते रोज सकाळी कोणतं पान उघडतात आणि कुठे थांबतात, हे मलाही आत्ता कळलं. आपल्या सगळ्यांच्या त्या फोटोवर थांबतात, ज्यात तू डावीकडे कडेला मागाला हात लावून उभा आहेस. कॉफी संपेपर्यंत पान पुढे सरकत नाही.

नवं पान मी तयार केलंय. फोनला आणि कॉम्प्युटरला एकच. आत्याचा शब्दन् शब्द, सगळ्या नक्षी, आणि फोटो हलके केलेत, आईच्या फोनवरही पटकन उघडतात. अडलंय फक्त त्या फोटोपाशी. तो आडवा आहे. फोनच्या अरुंद पडद्यावर अख्खा बसवला तर माणसं मुंगीएवढी दिसतात, आणि मोठा केला की कडेचा माणूस कापला जातो. प्रत्येक वेळी तूच कापला जातोस. सगळे एकमेकांना खेटून उभे राहिले, तर नवा, उभा फोटो निघेल. मी तुझी परवानगी मागत नाही, दादा; पासवर्ड तू मलाच देऊन गेलास. तुला न सांगता तुझं बांधलेलं उतरवायचं नाही, आणि तुला कापायचं तर अजिबात नाही, म्हणून हे पत्र. बाबांना मी आदल्या दिवशी, शनिवारी, सांगणार आहे. ते ओरडतील, ओरडू देत. तू आलास तर त्यांच्या शेजारी उभा राहा, बोलायची गरज नाही. नाही आलास तर तुझी जागा रिकामी ठेवून आम्ही चौघं उभे राहू. कसंही झालं तरी प्रार्थनेहून परतल्यावर तो फोटो घेऊन मी जुनं पान काढून नवं चढवणार आहे, रविवारी, २५ ऑगस्टला.

तुझीच,
नेरिस