बाबांना ‘अंघोळ नको’

१२ जानेवारी
प्रोग्राम चालवला की परत लाल ओळ! म्हणे अक्षरं आणि आकडा यांची तुलना होत नाही. अक्षरं कुठली? बाबा टॅबवर रक्तदाब टाइप करतात, तो आकडाच ना!
एवढंसं तर काम. डॉक्टरांनी सांगितलंय, खालचा रक्तदाब शंभर किंवा वर असेल तर टॅबनं म्हणायचं — ‘आज अंघोळ नको’. गेल्या हिवाळ्यात बाबांच्या गल्लीतले सासाकी आजोबा कढत टबातच गेले. बाबा एक्याऐंशीचे, आकिताला एकटे, आणि गळ्यापर्यंत बुडाल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. मी इथे सेंदाईत. जीव नुसता टांगणीला.

१४ जानेवारी
जमलं! शंभरालाही अवतरणचिन्हं लावली. अक्षरं तर अक्षरं, दोन्हीकडे अक्षरं! लाल ओळ गायब. ११० टाकलं — ‘नको’. १२० — ‘नको’. लगेच बाबांच्या टॅबवर पाठवलं.

१५ जानेवारी
बाबांचा ८४. टॅब म्हणतो, नको! “चिझुरु, तुझं यंत्र मला पारोसं ठेवणार बघ.”

१७ जानेवारी
८६. नको. ८२. नको! लहान-मोठ्याचं चिन्ह उलटं केलं, तर ११० ला ‘खुशाल करा’ म्हणायला लागलं. घाबरून परत होतं तसं केलं. डोकं फुटायची वेळ आलीय.
प्रोग्रामिंगच्या वर्गात ओनोदेराबाईंनी विचारलं, “कोणाला शंका?” पंधरा माना ‘नाही’ म्हणून हलल्या. सोळावी माझी. माझ्या एकटीपायी सगळ्यांचा खोळंबा कसा करायचा? — मूर्ख कुठली!

२० जानेवारी
“पाच दिवस ऐकलं त्याचं. आता बोलू दे काय बोलायचं ते, मी चाललो टबात.” मी फोनवर ओरडले. बाबांवर. यंत्र माझं बिघडलेलं, आणि ओरडले बाबांवर!

२३ जानेवारी
वर्ग सुटल्यावर थांबले. चारदा वाकून माफी मागितली, मग विचारलं. दोन मिनिटं लागली बाईंना! “अहो, अक्षरं म्हटलं की ते आधी पहिलं अक्षर बघतं. आठ एकच्या पुढचा, म्हणून ८४ शंभराहून मोठे. तिथेच निकाल लागला, की पुढचं बघतच नाही.” अवतरणं काढली, टाइप केलेल्याचा आधी आकडा करून घेतला. ८४ — ‘खुशाल करा’! नऊ दिवस घातले मी यात.
दुपारीच टॅबवर पाठवलं. बाबांना सांगायला फोन केला, उचलला नाही. छपरावरचा बर्फ काढत असतील. उद्या सांगेन.

२४ जानेवारी
आकिता, रुग्णालय. बाबा शुद्धीवर नाहीत. शेजारच्या कुदोकाकू काल संध्याकाळी लोणचं द्यायला गेल्या होत्या. “खालचा रक्तदाब १०८ आला गं. टॅब नको म्हणत होता, मीही म्हटलं, आजोबा, ऐका त्याचं. तर हसले. म्हणाले, मुलीचं यंत्र आहे, ते रोजच नको म्हणतं.”