बोर्डामागचं कार्ड

३ मार्च

अकरा दिवस वहीला हात लावला नाही. रोज म्हणायचं, उद्या. लिहिलं की खरं होतं, म्हणून टाळत होते. आज लिहिते — माझ्या खालच्या जबड्याचं हाड मेलंय.

दोन वर्षांपूर्वी जिभेच्या कॅन्सरला रेडिएशन दिलं. कॅन्सर गेला, पण हाडाचं रक्तही आटलं म्हणे. पाच महिन्यांमागे एक दात काढला, ती जखम भरलीच नाही. आज आरशात हाड दिसलं. पिवळट, जुन्या बटणासारखं.

४ मार्च

तोंड एक बोट उघडतं. वास येतो. वॉर्डात शेजारच्या खाटेवरची आजी पडदा ओढून घेते. मीही ओढला असता.

६ मार्च

मोठे डॉक्टर म्हणाले, "जबड्याचा तुकडा काढायचा आणि पायातलं हाड घेऊन तिथे बसवायचं."

पायातलं! सगळा जन्म या दोन पायांवर काढला — रंगाचे डबे उचलायचे, नव्या गावात दुकानांचे बोर्ड रंगवायचे, कंटाळा आला की चालू पडायचं.

"चालशील गं, थोडं सावकाश."

सावकाश! मग उरलं काय?

"आणि नाही केलं तर?"

"एक दिवस साधी जांभई देशील आणि जबडा मोडेल."

खिडकीतून समोरच्या औषधाच्या दुकानाचा बोर्ड दिसतो. अक्षरं उतरती गेलीत. कुणी रंगवला कोण जाणे! दोरी मारून सरळ रेघ पाडून घ्यायची ना आधी.

७ मार्च

ऑपरेशनच्या कागदावर नातेवाइकाची सही हवी. म्हटलं, माझं कुणी नाही.

थोरली ताई आहे. आई गेल्यावर तिनंच वाढवलं. रेडिएशनला रोज तीच न्यायची, चमच्यानं भरवायची. "आमचं भटकं आता तरी घरात टिकेल," म्हणायची. बरी झाले आणि ती भाजी आणायला गेलेली बघून पसार झाले. आता कुठल्या तोंडानं बोलावू? तोंडही धड राहिलं नाही.

१० मार्च

खरं ते लिहून टाकते. डॉक्टरांनी विचारलं होतं, "दात काढणाऱ्यानं आधीचा आजार विचारला नाही?" मी मान हलवली — नाही. त्याच्यावर तक्रार गेली.

खोटं! दोनदा विचारलं त्यानं. मी म्हटलं, "साधी सर्दीसुद्धा नाही हो!" खरं सांगितलं असतं तर त्यानं हात लावला नसता, आणि ठणक्यानं जीव जात होता. त्याच्या दवाखान्याचा बोर्ड मीच रंगवून टांगला, त्या बदल्यात दात.

ताईनं माझ्या पिशवीत एक कार्ड घातलं होतं. 'जबड्याला रेडिएशन दिलं आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय दात काढू नये.' खाली तिचा नंबर. बोर्ड हलत होता, तर त्याच कार्डाची घडी करून मागे पाचर मारली! इतकी मी शहाणी.

उद्या डॉक्टरांना सांगते. परत उद्या!

१२ मार्च

सांगितलं नाही. जांभई आली की हनुवटी हातानं धरून बसते. मोडू दे एकदाचा. सही करायला येणार तरी कोण.

१३ मार्च

नर्स आत्ता सांगून गेली — दातांचा डॉक्टर आलाय! तक्रारीपायी दवाखाना बंद ठेवावा लागला, बोर्ड उतरवला, तर मागून कार्ड पडलं. रंगानं बरबटलेलं, पण नंबर शाबूत.

एकटा नाही तो. बरोबरची बाई दारातूनच विचारतेय, "आमचं भटकं कुठल्या खाटेवर आहे?"