पहिल्याचा दुसरा होताना

३ मार्च
गाडी ऑटोमॅटिक. पण पहिल्या गिअरचा दुसरा होताना पाठीत गुद्दा घातल्यासारखा धक्का बसतो. त्याने बायकोची मान आखडली. गॅरेजवाला म्हणतो, गिअरबॉक्स उघडावा लागेल. त्याला उघडायचीच हौस. मी घरीच करणार. वीस तारखेला मुलीला नोकरीच्या गावी सोडायचंय. सहा तासांचा रस्ता, फक्त ती आणि मी. तिच्याशी निवांत बोलून वर्षं झाली. ती अशीच निघून जाईल याची मला भीती वाटते. तेव्हा गाडी नीट व्हायलाच हवी.

५ मार्च
पाच व्हिडिओ पाहिले. आधी गिअरबॉक्सचं ऑइल तपासा म्हणतात. पार्किंगच्या उतारावरच, थंड गाडीत डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, घालून पाहिली. ऑइल कमी! रोगाचं निदान दहा मिनिटांत. डबा आणून ओतला.

६ मार्च
धक्का वाढला. नवं ऑइल आहे, मुरायला वेळ लागतो.

९ मार्च, दुपार
गाडीचं माहितीपुस्तक वाचलं. ऑइल सपाट जागी, गाडी गरम झाल्यावर तपासावे. दोन्ही गोष्टी मी उलट केल्या. पण आत्मविश्वासाने केल्या. आता जास्तीचं ऑइल नळीने ओढून काढलं. मुलगी शेजारी टॉर्च धरून उभी होती. मापाला स्वयंपाकघरातलं भांडं घेतलं. बायको म्हणाली, ते आता तुम्हालाच लखलाभ.

१० मार्च
बहुतेक जरा जास्तच काढलं. रिव्हर्स टाकला की गाडी आधी विचार करते, मग दाणकन मागे येते. कंटाळा आला. कंबर मोडली.

१३ मार्च
बॅटरी काढून परत जोडली. त्याने म्हणे गिअरबॉक्स जुन्या वाईट सवयी विसरतो. विसरला. चांगल्याही विसरला. आता दुसऱ्याचा तिसरा होतानाही धक्का. मुलीला समजावलं की गाडी सध्या शिकते आहे. ती तासभर ऐकत होती.

१८ मार्च
ट्रायल. मुलीने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला आणि म्हणाली, बरीच बरी आहे, बाबा. बायको मागे बसली होती. उतरल्यावर मान हाताने सरळ करत वर गेली. मी मुलीचं मत ग्राह्य धरतो.

२० मार्च, सकाळ
इंजिन बोंबलतंय, चाकं ढिम्म. मी बॉनेटमध्ये डोकं घालून असतानाच मुलगी बॅगा घेऊन खाली आली. म्हणाली, राहू द्या बाबा, साडेसातची बस आहे. तिकीट हातात. मी म्हटलं, ऐनवेळी बरं मिळालं! मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या. टॅक्सी आली. माझे हात तेलाने बरबटलेले, धड जवळही घेता आलं नाही.

संध्याकाळ
ती पोचली. बायकोने आता सांगितलं, तिकीट मुलीने मी ऑइलचा डबा आणला त्याच दिवशी काढलं होतं. मी चिडलो. मग मला इतके दिवस राबू का दिलं? बायको म्हणाली, तीच नको म्हणाली सांगायला. म्हणे गाडीपाशी असले की बाबा माझ्याशी बोलतात.
फार वाईट वाटलं. काय काय बोललो ते आठवत बसलो.
सगळं गिअरबॉक्सबद्दलच होतं.