चौथ्या खिळ्यावरची टोपी

२२ जानेवारी
आज बाबांनी त्यांची सेमी-ऑटोमॅटिक बंदूक मला दिली. जेवणाच्या टेबलावर ठेवली, दस्त्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, घे डॅरिल, मला आता चकती दिसत नाही, नुसता बार ऐकू येतो.

ओमाहा शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बाबांच्या आजाराचं नाव मी कागदावर लिहून घेतलं. अक्षरं नीट पाठ केली. नजरेचा मधला भाग जातो, कडा उरतात. पण बाबांच्या कडाही मका निघेपर्यंतच टिकतील असं धरून चालावं, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे ऑक्टोबर.

नेमबाजी क्लबच्या भिंतीवर आमच्या घरचे चार खिळे आहेत. कोणी पहिल्यांदा यंत्राने हवेत फेकलेल्या मातीच्या चकत्या पंचवीसपैकी पंचवीस फोडल्या, की बाकीचे त्याची टोपी हवेत उडवतात आणि छर्रे मारून तिची चाळण करतात. ती चाळण मग कायमची त्याच्या खिळ्यावर. आजोबांची आहे. बाबांची आहे. माझ्या बहिणीची, लोर्नाची आहे; ती तेव्हा शाळेत होती. चौथा खिळा मी जन्मलो त्या आठवड्यात बाबांनी ठोकला. सध्या त्यावर बर्नाडेट माशा मारायची जाळी अडकवते. ती क्लबचं स्वयंपाकघर चालवते.

निश्चय: ऑक्टोबरच्या आत माझी टोपी. बाबांच्या डोळ्यांदेखत.

२३ जानेवारी
माझा आजवरचा उच्चांक सतरा. पण तेव्हा बंदूक क्लबची होती. क्लबच्या बंदुकीवर काय विश्वास ठेवायचा.

५ फेब्रुवारी
अडचण सापडली. ही बंदूक बाबांच्या मापाची आहे. बाबांचे हात लांब, मान लांब. बंदूक माणसाला बसली पाहिजे, माणूस बंदुकीला नव्हे. (हे वाक्य चांगलं जमलं.) घरगुती खटपट नको. पैसे मोजून व्यावसायिक माणूस लावायचा. मायलो ह्रूबी. तीन तालुक्यांच्या बंदुका त्यांच्याकडे येतात.

१२ फेब्रुवारी
ह्रूबीसाहेबांच्या गॅरेजात गेलो. बाहेर कडाका, आत जरासा कमी. शेगडी होती, पण ती त्यांच्या कुत्रीने अडवलेली. साहेबांनी बंदूक माझ्या खांद्याला लावली, मागे सरकून पाहिलं आणि म्हणाले, कोट काढ की लेका, माणूस मापतोय की अस्वल? मी सांगितलं, मी याच कोटात सराव करतो, माप कोटावरच घ्या. ते म्हणाले, जुलैमध्येपण हाच घालणार? मी म्हणालो, व्यावसायिक माणूस समोर असेल त्या परिस्थितीचं माप घेतो. ते म्हणाले, व्यावसायिक माणूस गिऱ्हाईक म्हणेल तिथे कापतो, आणि गिऱ्हाईक बोंबलत परत आलं की पुन्हा पैसे घेतो.

दस्ता मागून, खांद्याला टेकतो तिथे, कोटाच्या जाडीएवढा कापला. छान जुनं अक्रोडाचं लाकूड. तुकडा माझ्या हातात देऊन म्हणाले, जपून ठेव. कशाला, ते कळलं नाही. मी तो कुत्रीला दिला. तिला फार आवडला.

२६ फेब्रुवारी
कोट घातला की बंदूक अशी बसते की जणू खांद्यातूनच उगवली आहे. आरशासमोर रिकाम्या बंदुकीने सराव केला. एकही चकती चुकली नाही.

टोपी आणली. लोक बियाण्याच्या दुकानात फुकट मिळणारी टोपी उडवतात. मी विकत घेतली, नारिंगी, भडक. बाबांना दाखवली. त्यांनी मान खिडकीकडे फिरवली. हल्ली एखादी गोष्ट बघायची तर त्यांना दुसरीकडे बघावं लागतं. बराच वेळ खिडकीकडे बघून म्हणाले, हो, दिसली.

९ एप्रिल, गुरुवार
लीग सुरू. आमच्या संघात मी, लोर्ना, दातांचे डॉक्टर पोस्पिशिल, ह्रूबीसाहेब आणि आयत्या वेळी सापडेल तो पाचवा. बाबा मागच्या बाकावर. थंडी होती, कोट होता, सगळं जुळून आलं होतं.

अकरा.

कारण माझ्या हाताबाहेरचं. या जातीची बंदूक काडतुसाची रिकामी पुंगळी उजवीकडे फेकते. उजवीकडे डॉक्टर पोस्पिशिल उभे होते. गरम पुंगळी त्यांच्या कॉलरमधून आत गेली. डॉक्टर नाचले. मग मला म्हणाले, येशीलच बाळा माझ्या खुर्चीत कधीतरी. अशा वातावरणात एकाग्रता कशी राहणार.

१६ एप्रिल
ह्रूबीसाहेबांकडून पुंगळी अडवायला पत्र्याची पट्टी लावून घेतली. आता पुंगळी माझ्याच बुटावर पडते. डॉक्टर सुरक्षित. दहा.

२३ एप्रिल
लोर्ना आज सगळ्यांसमोर म्हणाली, डॅरू, बार काढताना तू डोळे मिटतोस. मी मिटत नाही. मी डोळ्यांना क्षणभर विश्रांती देतो. ती म्हणाली, मग विश्रांती बार झाल्यावर दे ना, बावळटा. चाप जड असल्यामुळे तोंडाचे स्नायू ताणले जातात, हे तिला कोण सांगणार.

२७ एप्रिल
चाप हलका करून घेतला. ह्रूबीसाहेब म्हणाले, आता याहून हलका करायचा तर तुझं बोटच काढावं लागेल.

१४ मे
उन्हाळा एकदम आला. कोट गाडीत ठेवला. पहिल्याच बाराला माझ्याच अंगठ्याने माझ्याच नाकावर ठोसा मारला. दस्ता आखूड पडतो, नाक अंगठ्याच्या वाटेत येतं. दुसऱ्या बाराला रक्त. बर्नाडेटने ओट्यावरचं फडकं दिलं, कांद्याचा वास येणारं. म्हणाली, राजा, चकत्या तिकडे असतात, समोर. सगळे हसले. बाबा हसले नाहीत. ते लांब मक्याच्या शेताकडे बघत होते, म्हणजे माझ्याकडे.

२१ मे
ह्रूबी म्हणाला, तुकडा आण, चिकटवून देतो, रेघसुद्धा दिसणार नाही. मी तुकड्याचं सांगितलं. त्याने कुत्रीकडे पाहिलं. कुत्रीने माझ्याकडे पाहिलं.

मग म्हणाला, रबराची जाड गादी लावू, लांबी भरून निघेल. मी नको म्हणालो. बाबांच्या बंदुकीला रबराचं ठिगळ? आणि मागे जाणं माझ्या स्वभावात नाही. त्याऐवजी गालाखालचं लाकूड उंच करून घेतलं. गाल वर गेला की नाक आपोआप वर जाईल. विचार पक्का आहे.

११ जून
नाक वर गेलं. आता ठोसा ओठावर बसतो. सात.

ह्रूबीच्या कामात राम नाही. सांगितलं तेवढंच करतो.

१८ जून
बाबांनी आज कॉफी कपाशेजारी ओतली. मी गुपचूप पुसली. ते म्हणाले, पुसलीस ना? मी म्हणालो, काय?

२५ जून
सकाळी चर्चमध्ये दोन मेणबत्त्या लावल्या. एक बाबांच्या डोळ्यांसाठी, एक दस्त्यासाठी. दस्त्याची आधी विझली.

२९ जून
आजवर हे सुचलं कसं नाही! बंदूक कोटाच्या मापाची आहे. मग कोट घालायचा. इतकं सरळ आहे. जगात वाळवंटात राहणारे लोक लोकरीचे कपडे घालतात, असं मी शाळेत भूगोलात वाचलं होतं.

२ जुलै
कोट घालून उभा राहिलो. मैदानावर हवा तव्यासारखी. डॉक्टर पोस्पिशिल म्हणाले, मासेमारीला निघालास का अलास्कात? बाबांनी लोर्नाला विचारलं, पोराला ताप आहे का? मी लक्ष दिलं नाही. पहिल्या चार चकत्या फुटल्या. ओळीने चार! बंदूक हुबेहूब फेब्रुवारीसारखी बसली होती. पाचवी चकती सोडायला मी आवाज दिला, सोड! आणि पुढचं मला आठवत नाही.

शुद्ध आली तेव्हा बर्नाडेट थंड चहाचा जग माझ्या डोक्यावर रिकामा करत होती आणि म्हणत होती, अरे काढा त्याचा कोट, माणूस आहे की भाजायला ठेवलेलं बदक!

तरीही: चारपैकी चार. शेकडा शंभर.

३ जुलै
लोर्नाने कोट तिच्या घरी नेऊन कुलपात ठेवला.

१६ जुलै
बाबा आज फाटकापाशी कोणाशी तरी बोलत होते. मी जवळ जाऊन पाहिलं तर टपालपेटीचा खांब. त्यांना वाटलं शेजारचा एमिल आहे. मला बघून म्हणाले, एमिल आज गप्पच आहे. चेष्टा केली की खरं, कळलं नाही. मी विचारलं नाही.

मका माझ्या खांद्यापर्यंत आला आहे. दरवर्षी मका लवकर वाढला की मी खूश असतो. यंदा त्याच्याकडे बघवत नाही.

२३ जुलै
आठ. घरी येताना बाबा म्हणाले, माझे डोळे जातात ते माझ्या हातात नाही रे. तू तुझे मिटतोस कशाला? लोर्नाने त्यांचेही कान भरले आहेत.

गाडीत दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी खरं विचारलं: बाबा, बंदूक बिघडवली का मी? ते म्हणाले, लाकूड आहे, लाकडाचं काय. आणि खिडकीबाहेर बघत राहिले. ते मला बघत होते की खरंच बाहेर, हे हल्ली ओळखता येत नाही.

निश्चय: पुढच्या गुरुवारी लीगचा शेवट. एकच संधी. डोळे उघडे. म्हणजे नेहमीप्रमाणेच उघडे.

३० जुलै, गुरुवार
घाईत लिहितो आहे, पण क्रम नीट लावून.

नारिंगी टोपी घालून गेलो. दर गुरुवारी दोन फेऱ्या असतात. पहिल्या फेरीत नऊ. नाकातून रक्त, बुटावर पुंगळ्या. मी बंदूक खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो की हे काम फसवणुकीचं आहे, ही बंदूक जगातल्या कोणत्याही माणसाला बसणार नाही.

ह्रूबी चिडला. म्हणाला, असं? थांब. इतक्यात बर्नाडेट खसखशीचे गोड पाव झाले म्हणून हाक मारायला बाहेर आली. कमरेला एप्रन, केसांना जाळी. बर्नाडेट उंचीला माझ्या छातीपर्यंत येते. हात आखूड, मान जवळजवळ नाहीच. ह्रूबीने रिकामी बंदूक तिच्या खांद्याला लावली. दस्ता, गाल, नळी, सगळं एका रेषेत. डॉक्टर म्हणाले, अरे, ही तर हिच्याच अंगावर बेतली आहे!

बर्नाडेट म्हणाली, ओव्हनमध्ये दुसरा घाणा आहे. लोर्ना म्हणाली, मी बघते, मला ही फेरी नको. मग दुसऱ्या फेरीला माझ्या जागी बर्नाडेट उभी राहिली आणि लोर्नाच्या जागी आयता सापडलेला कोणीतरी. मी बाबांशेजारी बाकावर बसलो नाही. मला तिथे बसवलं नसतं. मी गाडीमागे उभा राहिलो.

ती प्रत्येक वेळी ओरडायची, सोड! आणि चकतीचा धूर व्हायचा. पंधराव्या चकतीपर्यंत लोक हसत होते. विसावीपासून कोणी हसेना. तिने इतकी वर्षं तिथे सगळ्यांना वाढलं, सगळ्यांच्या टोप्या भिंतीवर टांगल्या, आणि तिची स्वतःची नव्हती, हे माझ्या आज लक्षात आलं. तेविसावीला मी तिच्यासाठी श्वास रोखून धरला. हे मी का केलं, माहीत नाही.

पंचवीस.

मग आरडाओरडा, टोपी, टोपी! बर्नाडेटने केसांची जाळी दोन्ही हातांनी धरली, म्हणाली, खबरदार, नवी आहे! कोणाला तरी मी दिसलो. डॉक्टर पोस्पिशिलांनी माझ्या डोक्यावरची टोपी काढली. मी ओरडलो, ती माझी आहे! पण सगळ्यांच्या कानांत बोळे. टोपी उंच गेली, मक्याच्या वर, उन्हात, नारिंगी. चार बंदुका एकदम वाजल्या.

आणि बाबा बाकावरून उठले. तोंड मक्याकडे. दोन्ही हात वर. ओरडत होते, दिसली! दिसली!

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबांना वाटलं असणार, पंचवीस मीच फोडल्या. मी खुलासा केला नाही. टोपी माझी होती, हे तर खरंच होतं.

३१ जुलै
काल बाबांना गाडीतून घरी आणलं. आमच्या फाटकाशी आल्यावर बाबा म्हणाले, पंचवीस? मी म्हणालो, पंचवीस. आकडा बरोबर होता.

त्यांनी गाडीचा पट्टा सोडला. मग म्हणाले, सोड म्हणताना तुझा आवाज एवढा गोड कधीपासून झाला रे?

मी गाडी बंद केली.  ते म्हणाले, कानातला एक बोळा मी नेहमी काढून ठेवतो. कोण कसं आवाज देतं त्यावरून मला कळतं, कोणाची फुटणार. तुझ्या आवाजावरूनही कळायचं. मी विचारलं, काय कळायचं? ते म्हणाले, जाऊ दे.

उतरताना माझा खांदा चाचपून धरला आणि म्हणाले, पण टोपी दिसली बरं का. अख्खी दिसली. रंग चांगला निवडलास.

आज क्लबात गेलो होतो. बर्नाडेटसाठी ह्रूबीसाहेबांनी नवा खिळा ठोकला आहे. त्यावर माझी नारिंगी चाळण. माझ्या खिळ्यावर माशा मारायची जाळी.

नीट विचार केला. बंदुकीत दोष नाही हे सिद्ध झालं आहे. थंडी पडली की लोर्ना कोट परत देईल. मका निघाल्यावरही काही दिवस उजेड चांगला असतो.

तोवर दुसरी टोपी शोधायला हवी. याहून भडक.